पगारपत्रकात ‘विमा’ आहे, मग दवाखान्यात का चालत नाही?

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो, म्हणजे नव्याने वाचणाऱ्यांना संदर्भ लागेल. जिल्हा परिषदेतल्या एका कर्मचारी संघटनेच्या सचिवांनी कार्यालयात छोटी पाहणी केली. ‘शासनाच्या आरोग्य विम्याची माहिती आहे का?’ याला जवळपास सगळ्यांनी ‘हो’ लिहिलं. मताच्या रकान्यात ‘ते गरिबांसाठी आहे’, ‘आपल्याला मेडिकल बिल मिळतंच’, ‘कटकट फार’ अशी उत्तरं आली. पुढे महिनाभरातच एका सहकाऱ्याच्या पत्नीला हृदयविकाराचा झटका आला आणि रात्री अकरा वाजता कुठे न्यायचं, कुणाला फोन करायचा, कोणता कागद घ्यायचा हे एकालाही सांगता आलं नाही. मग या ‘हो’ म्हणणाऱ्यांना नक्की काय माहीत होतं, आणि आता काय करायचं, असा त्यांचा प्रश्न आहे.

लोक खोटं बोललेले नाहीत. गोंधळ ‘विमा’ या शब्दात आहे. आपल्या कार्यालयांत हा एकच शब्द चार निरनिराळ्या गोष्टींना वापरतात. पगारातून दरमहा कापली जाते ती १९८२ ची गटविमा योजना. तिच्यात आयुर्विमा आणि बचत आहे, आजारपणाशी तिचा काही संबंध नाही. वर्षातून एकदा कपात होते तो समूह वैयक्तिक अपघात विमा. तो अपघाती मृत्यू किंवा अपंगत्वासाठी असतो, दवाखान्याच्या बिलासाठी नाही. तिसरी गोष्ट ‘मेडिकल बिल’, म्हणजे महाराष्ट्र राज्य सेवा (वैद्यकीय देखभाल) नियम, १९६१ खाली मिळणारी वैद्यकीय खर्चाची प्रतिपूर्ती. हा विमा नाहीच, ती सेवाशर्तींतली सवलत आहे. चौथी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना, जी आयुष्मान भारतशी जोडून चालवली जाते. रोख पैसे न भरता उपचार देणारी या चौघांतली एवढी एकच. आणि नेमकी तीच ‘आपली नाही’ असं बहुतेक कर्मचारी धरून चालतात.

पुढचं सगळं राज्य शासन आणि जिल्हा परिषदेच्या नियमित कर्मचाऱ्यांना धरून लिहितो. पोलिसांसाठी महाराष्ट्र पोलीस कुटुंब आरोग्य योजना वेगळी आहे. केंद्राच्या कर्मचाऱ्यांना मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरांत सीजीएचएस ही केंद्राची आरोग्य योजना आहे, आणि जिथे ती पोहोचत नाही तिथे १९४४ चे केंद्रीय नियम लागतात. एकाच गावात पोस्टातला आणि तहसीलमधला माणूस शेजारी राहतात, एकमेकांना सल्ला देतात आणि दोघांचे नियम वेगळे असतात. निम्मा गैरसमज इथूनच येतो. म्हणून कुणी काही सांगितलं तर पहिला प्रश्न विचारायचा: तुमचा पगार कोणत्या कोषागारातून निघतो?

आता प्रतिपूर्ती. तिचा पाया असा की शासकीय रुग्णालयात उपचार घ्यायचे, आणि खाजगी रुग्णालय हा अपवाद. तो अपवाद कुठे चालतो हे १९ मार्च २००५ च्या शासन निर्णयातल्या दोन याद्या ठरवतात: २७ आकस्मिक आजार आणि ५ गंभीर आजार. आकस्मिकमध्ये हृदयविकाराचा झटका, अपघात, भाजणं, सर्पदंशासारखी विषबाधा, जोरदार रक्तस्राव, उष्माघात, डोळ्याचा पडदा सरकणं, अगदी धनुर्वात आणि घटसर्पसुद्धा आहे. गंभीरमध्ये हृदय शस्त्रक्रिया, बायपास, अँजिओप्लास्टी, मूत्रपिंड प्रतिरोपण आणि रक्ताचा कर्करोग. हा निर्णय आणि त्यानंतरच्या दुरुस्त्या छापून आस्थापना शाखेत ठेवा. ‘खाजगीत दाखल झालं की बिल मिळतं’ ही समजूत चुकीची आहे. सवडीने ठरवून केलेली, याद्यांत न बसणारी शस्त्रक्रिया आधी लेखी विचारणा न करता खाजगी रुग्णालयात केली, तर ते प्रकरण बहुतेक वेळा परत येतं.

यादीत आजार असूनही प्रकरण अडतं, आणि ते कसं हे नीट बघण्यासारखं आहे. रुग्ण रात्री कॅज्युअल्टीत येतो. ड्युटीवरचा डॉक्टर केस पेपरवर लिहितो, ‘छातीत दुखणे, तपासणीसाठी दाखल’. सकाळी अँजिओग्राफी होते, स्टेंट बसतो. डिस्चार्ज कार्डावर रक्तवाहिनीचं नाव आणि प्रक्रियेचं संक्षिप्त नाव एवढंच येतं. ‘हृदयविकाराचा झटका’ हे शब्द कुठेच नसतात. महिन्याभराने फाइल उघडणारा लिपिक किंवा जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयातला तपासणारा यादी समोर ठेवून कागदावरचे शब्द ताडून बघतो. शब्द जुळत नाहीत, म्हणून त्रुटी निघते. त्यामुळे सुटी होण्याआधीच उपचार करणाऱ्या डॉक्टरकडून आकस्मिकता प्रमाणपत्र घ्यायचं. त्यात दाखल झाल्याची तारीख आणि वेळ, निदान आणि ‘तातडीने दाखल करणे आवश्यक होते’ हे वाक्य हवं. रुग्णालयातून सोडतात त्या दिवशी हे पाच मिनिटांचं काम असतं. चार महिन्यांनी त्याच डॉक्टरला गाठायला तीन चकरा पडतात, आणि मध्येच तो रुग्णालय सोडून गेला असेल तर विषयच संपला.

बिलांचं म्हणाल तर एकूण आकडा कुणी बघत नाही, प्रत्येक पावती बघतात. समजा रुग्णालयाचं आणि औषधांचं मिळून बिल २,४०,००० रुपये आहे. त्यात नोंदणी, फाइल, जेवण, डायपर, हातमोजे असल्या बाबींचे ८,००० निघाले. १२,००० च्या औषधांना डॉक्टरची चिठ्ठीच जोडलेली नाही. म्हणजे तपासणी सुरू होतानाच दावा २,२०,००० वर आला, आणि खोलीभाड्याची कपात अजून पुढे आहे. वातानुकूलित खोली घेतली असेल तर ती जास्त बसते. रुग्णालयाने लावलेला दर आणि शासनाला मान्य असलेली रक्कम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘माझे पैसे खाल्ले’ अशी तक्रार करण्याआधी कपातीचा तक्ता मागून बघा, तो मिळतो.

स्टेंट, कृत्रिम सांधा, भिंग असं काही शरीरात बसवलं असेल तर त्याच्या खोक्यावरचा स्टिकर हवाच. त्यावर कंपनी, मॉडेल, बॅच आणि क्रमांक असतो. रुग्णालय तो केस पेपरवर चिकटवतं, म्हणून त्या पानाची साक्षांकित प्रत आणि खरेदीचं बीजक दोन्ही घ्या. फेब्रुवारी २०१७ पासून स्टेंटच्या किमतीवर केंद्राची कमाल मर्यादा आहे. बिलात स्टेंटची किंमत वेगळी दाखवलेली नसेल तर ती मर्यादा पाळली की नाही हे तपासणाऱ्याला कळत नाही, आणि फाइल तिथेच थांबते.

नावाच्या फरकाने अडणारी प्रकरणंही कमी नसतात. सेवापुस्तकात पत्नीचं लग्नानंतरचं नाव, आधारवर माहेरचं, रुग्णालयात हाक मारायचं. तिन्ही एकाच व्यक्तीची आहेत हे तुम्हाला माहीत असतं, फाइलला नसतं. विवाहित महिला कर्मचाऱ्यांनी आई-वडील की सासू-सासरे हा पर्याय लेखी देऊन त्याची सेवापुस्तकात नोंद करून घ्यायची असते. ती नोंद आजारपणानंतर करायला गेलं की प्रत्येक जण तारीख बघतो.

एवढं सगळं बरोबर असलं तरी पैसे लगेच येत नाहीत. अर्ज आणि विहित नमुन्यातली प्रमाणपत्रं, जिल्हा शल्यचिकित्सकांची तपासणी, रकमेनुसार सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी, मग अनुदान. मंजुरी हातात असून बीम्सवर, म्हणजे शासनाच्या निधीवाटपाच्या ऑनलाइन प्रणालीवर, तरतूद नाही म्हणून देयक पडून आहे, हे दृश्य ओळखीचं असेल. तोवर आपण पतसंस्थेचं कर्ज फेडत असतो. म्हणून ‘आपल्याला मेडिकल बिल मिळतंच’ या वाक्याला पुढे जोडायला हवं: आधी सगळे पैसे स्वतः उभे करायचे, मग त्यातला मान्य भाग, यथावकाश. गंभीर आजारात अग्रिम मिळू शकतो, पण त्यालाही रुग्णालयाचं अंदाजपत्रक आणि अर्ज उपचाराआधी लागतो.

आता ती ‘गरिबांची’ योजना. जुलै २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत राजीव गांधींच्या नावाने सुरू झाली, २०१३ मध्ये राज्यभर पोचली आणि २०१७ मध्ये तिला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं. तेव्हा ती पिवळ्या आणि केशरी कार्डापुरती होती, त्यामुळे ‘आपली नाही’ ही समजूत त्या काळी बरोबरच होती. पण २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने ती सगळ्या शिधापत्रिकाधारक आणि अधिवास प्रमाणपत्रधारक कुटुंबांना खुली झाली, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांचं संरक्षण ठरलं आणि उपचारांची संख्या १३५६ झाली. यादी पुढे बदलत राहते. पांढरं कार्डही चालतं आणि सरकारी नोकरी आड येत नाही. केंद्राच्या मूळ आयुष्मान भारतमध्ये सरकारी नोकरदाराचं कुटुंब वगळलेलं होतं. ती गोष्ट लोकांच्या डोक्यात पक्की बसली आणि राज्याचा बदल तिच्याखाली दबून गेला.

इथली खरी अडचण शिधापत्रिकेचीच आहे. धान्य घ्यायचं नसतं म्हणून कर्मचारी तिच्याकडे वर्षानुवर्षं बघत नाही. कार्ड गावाकडे वडिलांच्या पेटीत असतं, त्यात पत्नीचं नाव चढवलेलं नसतं, मुलांची तर नसतातच, आणि ते ऑनलाइन झालं आहे का हेही माहीत नसतं. रुग्णालयातला आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचा तिथला मदतनीस, सगळ्यात आधी कार्डात रुग्णाचं नाव आणि फोटोचं ओळखपत्र मागतो. नाव चढवणं हे तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेतलं काम आहे, आणि ते आयसीयूच्या बाहेर बसून होत नाही.

दुसरी चूक प्रश्न विचारण्यात होते. ‘हे हॉस्पिटल योजनेत आहे का?’ असं विचारलं की ‘हो’ म्हणतात. पण रुग्णालयाला मान्यता विशेषज्ञतेनुसार मिळते. हाडांसाठी असेल, हृदयासाठी नसेल. काही उपचार फक्त शासकीय रुग्णालयांसाठी राखीव आहेत. विचारायचं ते असं: ‘अँजिओप्लास्टी योजनेतून इथे होते का, आणि आत्ता आरोग्यमित्र आहे का?’ रात्री आरोग्यमित्र नसला किंवा टाळाटाळ वाटली तर १५५३८८ किंवा १८००२३३२२०० वर फोन करा. आणीबाणीत फोनवर कळवून उपचार सुरू करता येतात, कागद नंतर देता येतात. पण ते सुटी होण्याआधी द्यायचे. रोखीने भरती होऊन, बिल भरून घरी आल्यावर ‘आता योजनेत घाला’ म्हटलं तर होत नाही. उलट, योजनेतून उपचार झाले तर प्रतिपूर्ती मागायचा प्रश्न नाही, कारण खर्च तुम्ही केलेलाच नसतो.

मग दोन्हींपैकी काय घ्यायचं? याचं एक उत्तर नाही. जवळच्या मान्यताप्राप्त रुग्णालयात तो उपचार योजनेत बसत असेल आणि हातात रोकड नसेल तर योजना. रुग्णालय योजनेत नाही, पण आजार २७ च्या यादीत आहे आणि रुग्ण हलवण्यासारखा नाही, तर तिथेच दाखल करा आणि प्रतिपूर्तीचे कागद पहिल्या तासापासून जमवा. कागदांसाठी रुग्णाला फिरवू नका. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१८ मध्ये सीजीएचएसच्या एका निवृत्तिवेतनधारकाच्या प्रकरणात म्हटलं आहे की केवळ रुग्णालय यादीत नाही म्हणून दावा नाकारता येत नाही, उपचार खरोखर घेतले का हे बघायचं. हा निकाल भांडायला उपयोगी आहे, पण रुग्णालय निवडताना त्याच्या भरवशावर राहू नका. भांडायला वर्षं लागतात.

आई-वडिलांबद्दल फारच कमी जणांना माहीत असतं. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षं आणि त्यापुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. मुलगा वर्ग एकचा अधिकारी असला तरी फरक पडत नाही. आधारवरचं वय धरतात आणि आधारची पडताळणी करूनच कार्ड निघतं. आधीचा आजार असला तरी थांबावं लागत नाही. पाच लाखांची मर्यादा वर्षाची आणि कुटुंबाची आहे, म्हणजे आई आणि वडील दोघं सत्तरीपुढचे असतील तर ती दोघांत मिळून. वडील सीजीएचएसमध्ये असतील तर त्यांना दोन्हींतली एक योजना निवडावी लागते. खाजगी पॉलिसी असेल तर मात्र दोन्ही चालतात.

तुमच्या पाहणीत कंत्राटी लोक होते का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. असतील तर त्यांचा हिशोब पूर्ण वेगळा आहे. एजन्सीमार्फत आलेला संगणक चालक किंवा शिपाई, वेतन २१,००० पर्यंत आणि आस्थापनेला कायदा लागू असेल तर राज्य कामगार विमा योजनेत येतो. त्याचे ०.७५ टक्के आणि मालकाचे ३.२५ टक्के. कपात होते पण एजन्सी पैसे भरते का, हे बघायला त्याच्याकडे आपला विमा क्रमांक हवा. अनेकांना तो कधी दिलेलाच नसतो. आजारपणाच्या रजेचा ७० टक्के भत्ता मिळायला सहा महिन्यांच्या अंशदान काळात ७८ दिवसांची वर्गणी लागते. एजन्सी दर काही महिन्यांनी माणूस ‘तोडते’ तेव्हा नेमकं हेच बिघडतं. आशा, अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांना २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात आयुष्मान भारतमध्ये घेतलं आहे. कर्मचाऱ्यांना माहिती द्यायला सत्र घ्याल तेव्हा त्यांना वेगळं बसवा, नाहीतर प्रतिपूर्तीच्या गप्पा ऐकून त्या उठून जातील.

निवृत्तीचा मुद्दा मात्र सगळ्या नियमित कर्मचाऱ्यांसाठी सारखाच आहे. ५८ व्या वर्षी, चतुर्थश्रेणीला ६० व्या वर्षी, नोकरी संपते आणि १९६१ च्या नियमांतली प्रतिपूर्तीही तिथेच संपते. आजार मात्र तेव्हा सुरू होतात. खाजगी पॉलिसी घ्यायची तर तिचा हिशोब उलटा मांडा. विमा नियामकाच्या २०२४ च्या नियमांप्रमाणे आधीपासून असलेल्या आजारासाठी कंपनी जास्तीत जास्त ३६ महिने थांबवू शकते. म्हणजे मधुमेह, रक्तदाब असलेल्या माणसाने ५५ पूर्ण व्हायच्या आत पॉलिसी घेतली, तर निवृत्तीच्या दिवशी ती पूर्ण लागू असते. निवृत्तीचे पैसे आल्यावर बघू म्हटलं तर ६१ पर्यंत नेमका तोच आजार उघडा राहतो. अर्ज भरताना गोळ्या चालू आहेत हे लपवू नका, दावे फेटाळण्याचं हे नेहमीचं कारण आहे. नोकरीत असताना मोठी पॉलिसी परवडत नसेल तर सुपर टॉप-अप बघा. उदाहरणार्थ, वर्षभरातल्या बिलांची बेरीज तीन लाखांपुढे गेली की पुढचं कंपनी देते. तीन लाखांखालचं सध्या प्रतिपूर्तीवर ढकलता येतं. साधा टॉप-अप मात्र प्रत्येक दाखल होण्याचं बिल वेगळं मोजतो. दोन्ही स्वस्त दिसतात, म्हणून हा फरक विचारूनच घ्या. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही, एवढं समाधान.

‘कटकट फार’ आणि ‘योजनेच्या रुग्णाला मागे ठेवतात’ ही मतं मी धुडकावणार नाही. पॅकेजचा दर ठरलेला, रुग्णालयाला पैसे उशिरा, त्यामुळे काही ठिकाणी खाट ‘शिल्लक नसते’ आणि रोखीने म्हटलं की मिळते. काही ठिकाणी ‘चांगल्या’ स्टेंटसाठी वर पैसे मागतात. योजनेतल्या उपचाराला असे पैसे घेता येत नाहीत. मागितले तर पावती मागा आणि तिथूनच १५५३८८ वर तक्रार करा. पावतीचा विषय निघाला की बऱ्याचदा मागणी तिथेच विरते.

पुढची पाहणी करताना ‘माहिती आहे का’ हा रकाना काढून टाका. त्याऐवजी असं विचारा: तुमच्या शिधापत्रिकेत घरातल्या किती जणांची नावं आहेत? तुमच्या तालुक्यात हृदयरोगासाठी योजनेत असलेलं सगळ्यात जवळचं रुग्णालय कोणतं? आई-वडिलांची नोंद सेवापुस्तकाच्या कोणत्या पानावर आहे? आज रात्री दीड लाख लागले तर कुठून आणाल? ही उत्तरं कोरी राहिली की माणूस स्वतःच पुढचं विचारायला येतो. ‘मत’ त्यानंतर विचारा, आणि ज्यांनी एकदा तरी दावा केला त्यांचं वेगळं, ज्यांनी कधीच केला नाही त्यांचं वेगळं मांडा. दोघांच्या तक्रारी सारख्या नसतात.

सत्र घ्याल ते पगार झाल्यावर घ्या, आणि प्रत्येकाला आपली वेतनचिठ्ठी आणायला सांगा. भाषणाआधी एवढंच सांगा: यात आरोग्य विम्याची कपात कुठे आहे तिच्याभोवती गोल करा. बरेच जण गटविम्याला गोल करतील.